घरच्या बाईची नाईट

अकोल्यात मला पहिली नाईट मिळाली ती पंधराशे रुपयांची, आणि ज्या माणसाने ती माझ्या हातात ठेवली त्याच्याशीच मी पुढे लग्न केलं. पैशाच्या दृष्टीने हा निर्णय काही शहाणपणाचा ठरला नाही. लग्नाआधी चार वर्षं त्या मंडळाने मला प्रत्येक प्रयोगाची नाईट दिली आणि लग्नानंतर अकरा वर्षं एक रुपया दिला नाही. मंडळ तेच, खजिनदार तोच, कामही तेच. आडनाव तेवढं बदललं होतं.

नाईट म्हणजे एका प्रयोगाचे नटाला मिळणारे पैसे. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकांत ती सगळ्यांना मिळते म्हणतात. आमच्या वऱ्हाडात नाटकं करतात ती हौशी मंडळं. दिवसा कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी बडनेऱ्याला रेल्वेत, आणि संध्याकाळी सगळे तालमीला. पुरुष मंडळी वर्गणी काढून नाटक उभं करतात, म्हणजे त्यांना मिळत तर काही नाहीच, उलट खिशातले जातात. नाईट मिळते ती फक्त बाईला, आणि तीही बाहेरून आणलेल्या बाईला. ‘बाहेरची बाई’ हा शब्द ऐकायला कसा वाटतो ते मला कळतं, पण आमच्याकडे तो साधा कामाचा शब्द आहे. ‘या वर्षी बाहेरची बाई कोण?’ असं सभासद आपापल्या बायकांसमोर बिनधास्त विचारतात आणि बायकाही बिनधास्त ऐकतात.

मी अमरावतीची. आमचा फुलांचा धंदा. गावाबाहेर बाबांचा शेवंती आणि झेंडूचा लहानसा मळा, आणि आई चौकात टोपली घेऊन बसायची. मी बी.ए. झाले आणि एका साडीच्या दुकानात लागले, तीन हजार महिना. कॉलेजात नाटकं केली होती, तेवढ्या पुण्याईवर अमरावतीचे एक मेकअपवाले काका मला ओळखत होते. हे काका म्हणजे आमच्याकडच्या नाटकांचं चालतंबोलतं टपाल. कुठल्या मंडळाला कशी बाई हवी, कुठली बाई रिकामी आहे, कोण किती घेते, सगळं त्यांच्या पेटीत, रंगांच्या शेजारी. बाईला तिची नाईट तोंडावर विचारायची नाही, ही इथली रीत. मंडळ काकांना विचारणार, काका बाईला विचारणार, बाई लाजत एक आकडा सांगणार आणि काका त्यातून पाचशे कमी करून तो मंडळाला सांगणार. माझी पहिली नाईट अशीच ठरली. मी दोन हजार म्हटलं होतं.

त्या पंधराशेपैकी घरी किती आले, ते अजून पाठ आहे. गाडी आणि दोन्हीकडचे ऑटो मिळून दोनशे ऐंशी. भाडं ‘नाईटमध्येच धरलं’ आहे हे मला प्रयोग झाल्यावर कळलं. काकांना शंभर, ते न सांगता द्यायचे असतात. गंगावन भाड्याने आणलं त्याचे साठ. शेवटच्या आठवड्याच्या तालमींसाठी अकोल्यात राहिले त्यात दुकानात सात खाडे झाले, मालकाने त्याचे सातशे कापले. तालमीचे पैसे नसतातच. कितीही दिवस तालीम करा, नाईट एकाच प्रयोगाची. राहिले तीनशे साठ. ते मी आईच्या हातावर ठेवले. तिने मोजले, मला परत दिले आणि म्हणाली, “तुह्या मेहनतीचे हायेत. थोडे असू दे, पन फुकट नाई करायचं कोनाचं.”

हे ती नुसतं बोलायची नाही. घरच्या देवाला टोपलीतली दोन फुलं घेतली तरी ती एक रुपया गल्ल्यात टाकायची. बाबा हसायचे तिला. “आपला देव फुकट्या नाई,” असं ती म्हणायची आणि रुपया टाकायचीच.

अकोल्याच्या मंडळाचा खजिनदार एका शाळेत कारकून होता. प्रयोग संपला की तो मेकअपच्या खोलीत यायचा, दारावर टकटक करायचा, पांढरं पाकीट दोन्ही हातांनी पुढे करायचा. आत कोऱ्या नोटा, ठरलेल्या तेवढ्या. इतर मंडळं ‘उरलेले पुढच्या वेळी’ म्हणून हजारातले सातशे देत. हा माणूस एकदा पाकीट दिल्यावर पाच मिनिटांनी धावत परत आला, कारण एक नोट जुनी आणि चिकटपट्टी लावलेली गेली होती. मी हसले. तोही हसला. त्या नीटपणाच्या मी प्रेमात पडले असं म्हटलं तर आजही खोटं होणार नाही. काकांनी मध्यस्थी केली, आई-बाबांनी थोडे आढेवेढे घेतले आणि मी अमरावतीहून अकोल्याला आले. दुकान सुटलं. घरी शिलाई मशीन टाकली आणि ब्लाउज शिवायला लागले.

लग्नानंतरचा पहिला प्रयोग चार महिन्यांनी झाला. भूमिका मोठी होती, मला टाळ्याही बऱ्या पडल्या. प्रयोग झाल्यावर मी सवयीने खोलीत बसून राहिले. टकटक झालं. नवरा आत आला. त्याने काकांना पाकीट दिलं, तबलेवाल्याला दिलं आणि मला म्हणाला, “चाल, ऑटो थांबला हाये.”

“माझं पाकीट?” मी विचारलं.

त्याला वाटलं मी गंमत करते आहे. “अवं, घरचीच तं हायेस आता,” तो म्हणाला.

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी असती तर मी तिथेच भांडले असते. पण तो मला काहीतरी मान देत असल्यासारखा बोलत होता. मग मीही गप्प बसले, आणि पहिल्यांदा गप्प बसलं की दुसऱ्यांदा बोलायला दुप्पट बळ लागतं. दोन-तीन महिन्यांनी मी विषय काढला तेव्हा तो खरोखर गोंधळला. “खजिनदार सोताच्या बायकोले पैसे वाटते म्हनतीन लोक,” तो म्हणाला. मी म्हटलं, “तीच बाई लग्नाआधी पैसे घेत होती तेव्हा काय म्हणत होते?” त्यावर तो पाण्याची टाकी भरली का बघायला गेला. अडचणीत सापडला की तो टाकीकडेच जातो.

एका वर्षी नाटकात दोन तरुण बायका होत्या. दुसरी भूमिका करायला यवतमाळहून एक मुलगी आणली, अडीच हजार नाईट. मुलगी गुणी होती, तिच्यावर माझा काही राग नव्हता. ती आमच्याकडेच उतरली. पाच दिवस मी तिला जेवायला वाढलं, तिच्या साडीला फॉल लावला, माझी उशी तिला दिली. प्रयोगाच्या दिवशी दुपारी नवरा जेवणाच्या टेबलावर बसून तिचं पाकीट भरत होता आणि मी समोर तिच्यासाठी पोळ्या करत होते. माझे संवाद तिच्या दुप्पट होते. मी त्याला म्हटलं, “ते पाकीट जरा बाजूला सरकवा, पीठ लागेल.” एवढंच बोलले. घर की मुर्गी दाल बराबर, असं आमच्याकडे म्हणतात. मला तर वाटत होतं की दाळीचेही पैसे पडतात.

मंडळाचे अध्यक्ष, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, दिलदार माणूस. त्यांच्यापाशी मी एकदा कुरकुर केली. ते शांतपणे म्हणाले, “वहिनी, आमाले तरी कोन देते? आमी तं उलटी वर्गनी भरतो.” हे खोटं नव्हतं. माझ्या डोक्यात ते असं बसलं की त्या वर्षी मीही शिलाईच्या पैशांतून पाचशे रुपये वर्गणी दिली. मला वाटलं होतं भाऊ म्हणतील, अहो राहू द्या. त्यांनी घेतली, पावतीही दिली.

मग हळूहळू फरक दिसायला लागला. पुरुष तालमीला येतात ते जेवून किंवा घरी जेवण तयार असतं म्हणून. मी तालमीला जायचे ते स्वयंपाक उरकून, आणि तालीम आमच्याच पुढच्या खोलीत असली तर मधल्या अंकाला उठून चौदा कप चहा टाकून. कपडेपट मी शिवायचा, कारण मशीन माझी. स्पर्धेत अभिनयाचं बक्षीस मिळालं तर प्रमाणपत्र माझं आणि रक्कम मंडळाची. ही रीत मात्र बायका-पुरुष सगळ्यांना सारखी. चहाच्या वेळी स्वयंपाकघरात माझ्यासोबत भाऊंची बायको असायची. आम्ही तिला काकू म्हणतो. बावीस वर्षं ती मंडळात आया, सासवा आणि आत्या करते आहे. उपमा करून आणणं, कप विसळणं, मग पदर खोचून रंगमंचावर जाऊन अख्खं सभागृह रडवणं आणि परत येऊन कप विसळणं, असं तिचं चालतं. माझं रडगाणं ती सगळं ऐकून घ्यायची. “सोड वं,” म्हणायची, “आपल्याच मानसाइचं नाटक हाये.” मला तिचा थोडा रागही यायचा. वाटायचं, हिला कशाचंच काही नाही.

शेवटी मी ठरवलं की अकोल्याबाहेर काम करायचं. बाहेर गेले की मी बाहेरची, एवढा साधा हिशोब. योगायोगाने अमरावतीच्या एका जुन्या मंडळाने बोलावलं. मी आठ दिवस माहेरी राहिले, तालमी केल्या, प्रयोग झाला. पडदा पडल्यावर मंडळाच्या दोन वयस्क बायका हळदीकुंकू घेऊन आल्या. त्यांनी मला पाटावर बसवलं आणि खणा-नारळाने माझी ओटी भरली. एक मोरपंखी साडी दिली. मी वाट पाहत होते की नारळाखाली पाकीट असेल. नव्हतं. काकांना विचारलं तर ते पेटी आवरता आवरता म्हणाले, “माहेरच्या लेकीले नाईट देतेत काय बापा? तुह्यासाठी साडी चांगली आनली त्याइनं.”

घरी येऊन मी आईला सांगितलं आणि हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अकोल्यात मी सून, अमरावतीत लेक. नाईट हवी असेल तर मला असं एक गाव शोधायला हवं होतं जिथे माझं कोणीही नाही. आई हार ओवत होती. तिने दोरा तोडला आणि विचारलं, “तू मांगतलं व्हतं काय तोंडानं?”

“असं मागत नाहीत, आई. काका बोलतात.”

“ताकाले जाऊन गाडगं लपवाचं अन् मंग म्हनाचं ताक नाई भेटलं,” ती म्हणाली. मला तो टोमणा आवडला नाही. धंद्यातल्या बाईला कलेतलं काय कळणार, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं, हे कबूल करते.

ते तिसरं गाव सापडलं, दर्यापूर. गणपतीत तिथल्या मंडळाचं नाटक होतं. अकोल्याहून काळीपिवळी जीपमध्ये दहा माणसांत अकरावी होऊन मी गेले. तिथे मला सगळे ‘म्याडम’ म्हणत होते. मधल्या वेळेत मी सवयीने उठून चहाचं पातेलं शोधायला लागले तर एकाने हातातून कपच काढून घेतला. “तुमी बसा म्याडम, तुमी बाहेरगावच्या,” तो म्हणाला. लग्न झाल्यापासून इतकं सुखाचं वाक्य मी ऐकलं नव्हतं. अडीच हजार ठरले होते, दोन हजार मिळाले, उरलेले पुढच्या वेळी. तरी मी परत येताना काळीपिवळीत गात होते.

पण दर्यापूरला वर्षातून एक नाटक. आणि खरं सांगायचं तर दर्यापूरच्या नाईटने माझं समाधान झालं नाही. मला ती अकोल्यातच हवी होती. ज्या मंडळाने एके काळी माझ्या कामाची किंमत केली होती, त्याने लग्नाची सप्तपदी झाली म्हणून ती पुसून टाकावी, हे मला गिळवत नव्हतं. पैसे किती हा प्रश्न दुसरा होता. मला मंडळाचं पाकीट हवं होतं.

गेल्या वर्षी नव्या नाटकाचं वाचन झालं. मुख्य भूमिका माझीच धरलेली. मी रात्रीच्या भाजीला फोडणी देता देता नवऱ्याला म्हटलं, “या वेळी मी नाईट घेऊन काम करीन. किती ते काकांना विचारा.”

तो उठून बाहेर गेला. टाकी बघायला गेला असेल म्हणून मी भाजी हलवत राहिले. पाच मिनिटांनी माझा मोबाईल वाजला. अमरावतीहून काका. “अवं बाई, तुहा नवरा इचारून राहिला का तुही नाईट किती. आता तू कुठी हायेस?”

“स्वयंपाकघरात.”

“अन् तो?”

मी खिडकीतून पाहिलं. तो अंगणात नळाजवळ फोन धरून उभा होता, काकांच्या उत्तराची वाट बघत असावा. “अंगणात,” मी म्हटलं. काका बराच वेळ हसले. मग आवाज नीट करून त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं आणि मी रीतीप्रमाणे साडेतीन हजार सांगितलं. त्यांनी पाचशे कमी केले असणार, कारण थोड्या वेळाने नवरा आत येऊन पाणी प्यायला आणि म्हणाला, “तीन हजार. झालं.”

प्रयोग चांगला झाला. खोलीच्या दारावर टकटक झालं. पांढरं पाकीट, दोन्ही हात, कोऱ्या नोटा. मला इतकं भरून आलं की मी काकांना शंभराऐवजी दोनशे दिले. दुसऱ्या दिवशी आईला फोन करून सांगितलं की मंडळाने दिली, अकोल्याच्या मंडळाने. “देल्ली ना?” ती म्हणाली. “मंग सांभाळून ठेव.” मी पाकीट कपाटात साड्यांखाली ठेवलं. खर्च करवेना.

दहा-बारा दिवसांनी, दुपारी मशीनवर बसले असताना, बँकेचा मेसेज आला. आमचं खातं दोघांच्या नावाने आहे आणि मेसेज माझ्या मोबाईलवर येतात. आरडीचा हप्ता कापायला खात्यात पुरेसे पैसे नव्हते. असं आमच्याकडे कधी होत नाही. ज्याला चिकटपट्टीची नोट चालत नाही त्याचा हप्ता चुकत नाही. मी खातं उघडून पाहिलं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी तीन हजार काढलेले होते.

तो शाळेतून आला तेव्हा मी पाकीट टेबलावर ठेवून बसले होते. मेसेज दाखवला. त्याने बूट काढायचे अर्धवट ठेवले.

“मंडळाने किती दिले?” मी विचारलं.

“काहीच नाई.”

“नाही म्हणाले?”

तो बुटाच्या लेसची गाठ सोडायला लागला. “मी त्याइले इचारलंच नाई,” तो म्हणाला. “सोताच्या बायकोसाठी कसं मांगू वं? लाज वाटली मले. तुले पायजे व्हते, म्हून मी देल्ले.”

मला त्याची दया आली आणि संतापही आला, दोन्ही एकदम. त्याने माझ्यासाठी पदरमोड केली होती, गुपचूप, हप्ता चुकवून. दुसरी एखादी बाई विरघळली असती. पण मी घरातून घरात पैसे आणले होते. आईला फोन करून मिरवलं होतं. “मला नवऱ्याकडून नको होते,” मी म्हटलं, “मला खजिनदाराकडून हवे होते.” दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी राग ओसरला आणि मला स्वतःचीच शंका यायला लागली. त्याला मागायची लाज वाटली हे खरं, पण मला तरी कुठे मागता येत होतं? मी तर अंगणातल्या माणसाला अमरावतीमार्गे विचारायला लावलं होतं. आईचं गाडगं आठवलं. धंद्यातल्या बाईला कळत होतं.

पुढच्या नाटकाची बैठक एका रविवारी सकाळी आमच्याकडे होती. नऊ पुरुष पुढच्या खोलीत, काकू आणि मी स्वयंपाकघरात. चहा उकळत होता. खर्चाचा विषय निघाला तसा मी गॅस बारीक केला, हात पुसले आणि चहा न घेताच बाहेर गेले. सगळ्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“मले काही बोलायचं हाये,” मी म्हटलं. माझा आवाज कापत होता. पाचशे माणसांपुढे कधी कापला नाही तो. “या नाटकात मी काम करीन. माही नाईट तीन हजार रुपये. ती मंडळानं द्यायची. मागच्या वेळची याइनं आपल्या पगारातून देल्ली, ते याइले वापस करा.”

नवऱ्याने मान खाली घातली.  मग भाऊ म्हणाले, “बस एवढंच? मंग वहिनी, इतके वर्ष काहून नाई म्हटलं तुमी?”

बँकेत असलेला एक सभासद बोटं मोजत म्हणाला, “बाहेरची आनली तं आता पाच हजार, जेवन-राहनं वेगळं. तीन म्हंजे सस्तंच पडते.” दुसऱ्याने विचारलं, “सगळ्याइले मंजूर?” हात वर झाले. नवऱ्यानेही केला, सगळ्यात शेवटी.

दोन मिनिटं लागली असतील. मला आनंद व्हायला हवा होता. मी नुसती उभी राहिले. अकरा वर्षं मला ज्याच्यावर चिडायचं होतं त्या नकाराचा पत्ताच नव्हता. कोणी नाही म्हटलेलंच नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, आणि ज्यांनी विचारायचं त्यांत मीही होते.

“चाला, आता चहा येऊ द्या,” भाऊ म्हणाले.

चहा आलेलाच होता. काकू ट्रे घेऊन दारात उभी होती, किती वेळ ते माहीत नाही. तिने ट्रे खाली ठेवला नाही, आत आली नाही. नवऱ्याकडे, म्हणजे भाऊंकडे बघत ती म्हणाली, “अन् माही?”

भाऊ हसले. मग बाकीचेही हसले. काकू हसली नाही, तसे एकेक करून थांबले. मी तिच्याकडे बघितलं आणि मला मान वर ठेवणं कठीण झालं. अकरा वर्षं मी त्याच स्वयंपाकघरात तिच्याशेजारी उभी राहून माझ्या नाईटचं रडत होते. तिने बावीस वर्षांत किती नाटकं केली, तिला कधी काही मिळालं का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आताही बाहेर येताना मी माझी नाईट म्हटलं होतं. ती माझ्यामागे गॅसपाशी उभी आहे हे मला माहीत होतं, तरी म्हटलं होतं. माझ्या लेखी काकू घरचीच होती.

माझ्या नवऱ्याने वही पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि अगदी नीटपणे, बाहेरच्या बाईला विचारावं तसं विचारलं, “काकू, तुमी किती घेसान?”

काकूने ट्रे हातात तसाच धरला होता. कपांवर साय धरायला लागली होती. ती माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, “किती असते वं?”